चित्रावरचा शेवटचा हात

सावंतवाडीत मोती तलावाकाठच्या राजवाड्यात आजही गंजिफा, म्हणजे खेळायचे पारंपरिक पत्ते, हाताने रंगवली जाते. दशावतारी संचात दहा अवतारांचे दहा गट असतात. प्रत्येक गटात राजा, प्रधान आणि दहा साधी पाने, असे एकूण 120 गोल पत्ते. पाहणाऱ्याची नजर मत्स्य-कूर्मांवर खिळते. त्या रंगांना जपणारा लाखेचा थर मात्र कुणाला दिसत नाही, आणि मला त्याचेच मोल अधिक वाटते.

जुन्या पद्धतीत कापडाचे थर चिंचोक्याच्या खळीने चिकटवायचे, वर खडूचा लेप द्यायचा, दगडाने घोटून गुळगुळीत करायचे आणि मग कुंचला धरायचा. पण पत्ता खेळायचा असतो. बोटांचा घाम आणि कोकणातली दमट हवा उघड्या रंगाला फार काळ टिकू देणार नाहीत. म्हणून सर्वांत शेवटी रोगण. लाख म्हणजे पळस, बोर, कुसुम या झाडांवर किड्यांनी तयार केलेली राळ. ती स्पिरिटमध्ये विरघळते. स्पिरिट उडून गेले की मागे कडक, चकचकीत पापुद्रा उरतो.

ही कला विसाव्या शतकात लोपायच्या बेतात होती. सावंतवाडीच्या राजघराण्यातील शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवी यांनी वृद्ध कारागीर पुंडलिक चितारी यांच्याकडून ती शिकून घेतली आणि 1971मध्ये राजवाड्यातच ‘सावंतवाडी लॅकरवेअर्स’ सुरू केले. हे ऋण मोठे आहे.

आज मालवण-वेंगुर्ल्याच्या घरांत भिंतीवर इंकजेटवर छापलेले फोटो असतात. त्यांचे दुखणेही तेच. डाय शाई उजेडाने आणि हवेतल्या ओझोनने उडते. पिगमेंट शाई जास्त टिकते, पण पृष्ठभागावरच बसत असल्याने घासली जाते. दमट हवेत फोटो फ्रेमच्या काचेला चिकटतो तो वेगळाच. यावर उपाय पारदर्शक वार्निशचा. छापल्यावर किमान एक दिवस फोटो सुकू द्यावा, मग स्प्रेचे पातळ हात द्यावेत, एक आडवा, एक उभा. एकच जाड हात दिला तर ओघळ येतात. भर पावसाळ्यात तर हे करूच नये: द्रावक झपाट्याने उडताना पृष्ठभाग गार होतो, हवेतले बाष्प त्यावर बसते आणि चित्रावर पांढुरकी साय धरते. लाखेच्या रोगणालाही हाच धोका असतो.

तेव्हा घरातले फोटो वार्निश करायचे असतील तर दिवाळीनंतरची कोरडी हवा गाठा, आणि आधी एका वाया गेलेल्या प्रतीवर हात बसवून घ्या.