फवारणीचं विष एकाला जास्त बाधतं, दुसऱ्याला कमी. असं का?

भंडारा जिल्ह्यात रोवणी आटोपली, धान जोर धरू लागलं की बांध्यांमधून पाठीवरचे पंप फिरू लागतात. खोडकिडा, तुडतुडे आले की 'औषध' मारावंच लागतं. दोघं शेजारी-शेजारी फवारतात. एकाला गरगरतं, दुसरा संध्याकाळी ठणठणीत. पंप गळका होता का, वारा कुठून होता, कपडे भिजले का, यावर बरंच ठरतं. पण थोडा वाटा रक्तातल्या एका एन्झाइमचाही असतो.

त्याचं नाव पॅराऑक्सोनेज-१, थोडक्यात पॉन-१. क्लोरपायरीफॉससारखं ऑर्गनोफॉस्फेट कीटकनाशक शरीरात गेलं की यकृत त्याचं 'ऑक्सॉन' बनवतं. पंचाईत अशी की हे नवं रूप मुळापेक्षा जहाल. नसांचे संदेश थांबवणारं एन्झाइम ते निकामी करतं. मग दरदरून घाम, तोंडाला लाळ, बारीक झालेल्या बाहुल्या, थरथर आणि शेवटी श्वास अडकणं. पॉन-१ हे ऑक्सॉन तोडतं.

पॉनची तीन जनुकं सातव्या गुणसूत्रावर शेजारी-शेजारी आहेत. पॉन-१ च्या साखळीत १९२ व्या जागी कुणाकडे ग्लुटामिन असतं, कुणाकडे आर्जिनिन. तेवढ्यानं काही विषं तोडण्याचा वेग बदलतो. शिवाय रक्तातलं प्रमाणही माणसागणिक बरंच वेगळं. नवजात बाळात तर ते फारच कमी असतं, म्हणून फवारणीचे कपडे घरात आणू नयेत.

ही कीटकनाशकं जेमतेम १९३०-४० च्या दशकांतली. एन्झाइम मात्र कितीतरी जुनं. 'चांगल्या' कोलेस्टेरॉलच्या कणांवर बसून ते चरबी खराब होऊ देत नाही, असं मानतात. विष तोडणं हा निव्वळ योगायोग! समुद्रात गेलेल्या सस्तन प्राण्यांना त्याची गरज उरली नसावी. देवमासे, डॉल्फिन, मॅनेटी यांच्यात हे जनुक स्वतंत्रपणे बिघडल्याचं २०१८ साली 'सायन्स'मध्ये प्रसिद्ध झालं. शेतातलं विष वाहून त्यांच्या पाण्यात उतरलं, तर त्यांच्याकडे ही ढाल नाही.

माणसाची ढालही तोकडीच. यवतमाळ जिल्ह्यात २०१७ साली फवारणीच्या विषबाधेनं वीसच्या आसपास शेतकरी-शेतमजूर दगावले. तो दोष जनुकांवर ढकलता येत नाही. मात्रा जास्त झाली की कुणाचंच एन्झाइम पुरत नाही. 'मागच्या साली काही झालं नाही' याला अर्थ नाही. गरगरलं की कपडे काढून साबणानं अंग धुवावं, १०८ ला फोन करावा आणि औषधाचा डबा डॉक्टरांना दाखवायला सोबत न्यावा.