हाड जोडताना जंतूंशी दुहेरी लढत

दुचाकीच्या अपघातात नडगीचे हाड कातडी फाडून बाहेर आले, की हाड जुळवण्याइतकाच गंभीर प्रश्न असतो तो जखमेत शिरलेल्या जंतूंचा. नडगीवर पुढच्या बाजूला मांस जवळजवळ नसतेच, त्यामुळे रक्ताचा आणि रक्तातून येणाऱ्या औषधाचा पुरवठा मुळातच तोकडा. प्रतिजैविकांचे उपकार येथे मान्यच करायला हवेत. १९७४ मध्ये पात्झाकिस व सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या चाचणीत प्रतिजैविक न मिळालेल्या उघड्या फ्रॅक्चरच्या रुग्णांपैकी १३.९ टक्क्यांना संसर्ग झाला. सेफॅलोथिन मिळालेल्यांत हे प्रमाण २.३ टक्के होते. तरीही मांस आणि रक्तवाहिन्या चिरडल्या गेलेल्या जखमांत संसर्ग आजही पाठ सोडत नाही. तेथे अधिक जहाल औषध शोधत राहण्यापेक्षा प्रतिजैविकाच्या जोडीला जखमेपुरती प्रतिकारशक्ती वाढवणे, ही दिशा मला अधिक सयुक्तिक वाटते.

याचे कारण जंतूंच्या वागण्यातच आहे. स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा येथला मुख्य शत्रू. रॉड किंवा प्लेटवर तो चिकट थर विणतो आणि त्या थराखाली औषधाला दाद देत नाही. अमेरिकेतील रोचेस्टर विद्यापीठाच्या संशोधकांनी दाखवले, की सुमारे एक मायक्रोमीटर व्यासाचा हा गोल जंतू आकार बदलून हाडातल्या त्याहून अरुंद नलिकांत शिरतो. काही जंतू तर पेशींच्या आतच दडून राहतात. औषध बाहेरची फौज कापून काढते. दडलेल्यांना संपवणे मात्र पांढऱ्या पेशींच्या हाती. नेमक्या त्याच वेळी मोठ्या आघाताने शरीराची प्रतिकारशक्ती मंदावलेली असते.

ही मंदावलेली यंत्रणा जागी करण्यासाठी वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठात बिंगयुन ली यांच्या गटाने इंटरल्युकिन-१२ वापरले. हे प्रथिन टी-पेशींना इंटरफेरॉन-गॅमा स्रवायला लावते आणि त्यामुळे भक्षक पेशी गिळलेले जंतू अधिक जोमाने मारतात. हाडात बसवायच्या धातूवर त्याचा अतिसूक्ष्म लेप दिल्यावर उंदरांच्या उघड्या फ्रॅक्चरमधील संसर्ग घटला. जंतू येथे औषधाने नव्हे, शरीराच्या पेशींनी मारले जात असल्याने प्रतिजैविकाला न जुमानणाऱ्या जंतूंवरही हा मार्ग चालावा, अशी रास्त अपेक्षा करता येते.

आक्षेपही वजनदार आहेत. हेच प्रथिन १९९०च्या दशकात कर्करोगाच्या एका चाचणीत शिरेतून दिले गेले, तेव्हा तीव्र विषबाधा होऊन दोन रुग्ण दगावले. म्हणूनच लेपाचा आग्रह: अल्प मात्रा, ठरलेली जागा, मोजका काळ. दुसरा दाखला स्टॅफिलोकॉकस ऑरियसविरुद्धच्या व्ही-७१० या लशीचा. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, छातीच्या शस्त्रक्रियेआधी ती देऊनही गंभीर स्टॅफ संसर्ग टळले नाहीत. उलट लस घेऊनही हा संसर्ग झालेल्यांत मृत्यू अधिक आढळले. प्रतिकारशक्ती नुसती चेतवून भागत नाही, ती योग्य दिशेला वळवावी लागते, हा त्यातला धडा. शिवाय दाह लांबला तर हाड झिजते. उंदरांतले यश माणसांत उतरेलच असेही नाही.

म्हणून निवाडा असा: प्रतिजैविक आणि जखमेपुरती प्रतिकारशक्ती ही जोडी माणसांवरील काटेकोर चाचण्यांना पात्र आहे, सर्रास वापराला अजून नाही. बाजारातल्या ‘इम्युनिटी बूस्टर’ गोळ्यांचा तर या विषयाशी काडीचाही संबंध नाही. तोवर उघड्या फ्रॅक्चरच्या रुग्णाला तातडीने रुग्णालयात पोहोचवणे, लवकरात लवकर प्रतिजैविक सुरू करणे आणि जखमेतले मृत मांस नीट काढून ती स्वच्छ धुणे, यांना पर्याय नाही.