मडक्याची नोंदवही

दहावीच्या बीजगणितात संभाव्यतेचे प्रकरण आहे. परंतु ज्याने ती आपल्या हाताने कधी मोजली नाही, त्याच्यापाशी केवळ सूत्र उरते. वाकोल्याच्या बाजारातून एक लहानसे मडके आणावे, त्यात शून्यापासून नऊपर्यंतचे अंक लिहिलेल्या, आकाराने व घडीने अगदी सारख्या दहा चिठ्ठ्या टाकाव्यात, चाळीच्या गॅलरीत बसून एक काढावी, अंक वहीत मांडावा, चिठ्ठी परत टाकून मडके चांगले हलवावे, आणि हा क्रम शंभर वेळा चालवावा. सात 13 वेळा निघाला, तर 13 भागिले 100, म्हणजे 0.13, ही त्याची प्रायोगिक संभाव्यता. तर्काने 0.1 यावयास हवी. तथापि शंभरांत सात 4 ते 16 वेळा निघाला तरी मडक्यावर संशय घेण्याचे कारण नाही.

मुंबईत मडके म्हटले की मटका आठवणारच. न्यूयॉर्कच्या कापसाच्या दरांवरील आकड्यांचा जुगार मागे पडल्यावर 1962 मध्ये कल्याणजी भगत यांनी वरळी मटका सुरू केला. 1964 मध्ये रतन खत्रींचा आला. निघालेल्या आकड्यांचे तक्ते जपून, ‘पंजा फार दिवस आला नाही, आता येणारच’ असा अजमास बांधणाऱ्यांनी किती घरांचे पगार त्यात घातले! ही समजूत दुष्ट आहे, कारण ती हिशेबाचा वेष घेऊन येते.

ती खोटी कशी, ते एक नाणे सांगते. जर्मनव्याप्त डेन्मार्कमध्ये स्थानबद्ध असताना गणिती जॉन केरिच यांनी एक नाणे 10,000 वेळा उडविले. पहिल्या शंभरांत छाप 44, म्हणजे निम्म्याहून 6 कमी. अखेरीस 5,067, म्हणजे निम्म्याहून 67 अधिक. गुणोत्तर 0.44 वरून 0.5067 वर आले, पण संख्येतील अंतर वाढलेच. मागील बाकी चुकती करण्याचे बंधन नाण्यावर नव्हते. वाढत्या बेरजेपुढे ती क्षुल्लक ठरली, इतकेच.

मग जुन्या नोंदींचा उपयोग काय? पुढली चिठ्ठी त्या सांगत नाहीत, मडक्यात काय आहे ते सांगतात. कोणी गुपचूप साताची आणखी एक चिठ्ठी टाकली, तर अकरांत सात दोन होतात. दहा खेपांत याचा सुगावा लागणार नाही. हजार खेपांत मात्र, जिथे सात शंभराच्या आसपास यावयाचा, तिथे वहीतली संख्या 180 च्या घरात जाईल, आणि मडके न फोडता लबाडी उघडी पडेल.