कुंग फूचा जनक बोधिधर्म? शाओलिनची दगडी साक्ष काय सांगते

‘कुंग फू आपणच चीनला शिकवला’ हे वाक्य मोबाइलवर फिरून फिरून येतं. कांचीपुरमचा राजपुत्र बोधिधर्म चीनला गेला, शाओलिन मठातले भिक्षू ध्यानाला बसून बसून अशक्त झालेले पाहून त्यांना व्यायाम शिकवला आणि त्यातून कुंग फू जन्मला, अशी ही गोष्ट. २०११ मध्ये ‘एळाम अरिवु’ हा तमिळ सिनेमा आला, सूर्याने त्यात बोधिधर्म रंगवला आणि गोष्ट घरोघरी पोहोचली. अभिमान वाटावा अशीच ती आहे. फक्त ती बरीच उशिरा रचली गेली.

बोधिधर्माचा सर्वात जुना उल्लेख लोयांग शहरातल्या बौद्ध मंदिरांवरच्या ग्रंथात आहे, साधारण इ.स. ५४७ चा. त्यात तो पर्शियाचा भिक्षू आहे, स्वतःचं वय दीडशे वर्षं सांगतो आणि एका भव्य स्तूपासमोर हात जोडून ‘नमो’ म्हणत राहतो. लगेचच्या दुसऱ्या नोंदीत तो दक्षिण भारतातल्या राजाचा तिसरा मुलगा होतो. ध्यानपंथाचा आद्य गुरू म्हणून त्याचं मोठेपण चीनमध्ये निर्विवाद आहे. पण या जुन्या मजकुरात ठोसा नाही, लाथ नाही, व्यायामही नाही.

व्यायाम येतो तो १६२४ साली, म्हणजे हजारहून अधिक वर्षांनी. ‘यीजिन जिंग’ नावाचं स्नायू बळकट करण्याचं पुस्तक एका ताओपंथीयाने लिहिलं आणि बोधिधर्माच्या नावावर खपवलं. वजन यावं म्हणून त्याला सातव्या शतकातला सेनापती ली जिंग याच्या नावाने प्रस्तावनाही जोडली. गंमत म्हणजे या प्रस्तावनेत सेनापतीला पुस्तक देणारा ‘कुरळ्या दाढीचा वीर’ हे एका जुन्या चिनी कथेतलं पात्र आहे! आपल्याकडे कुणी शिवकालीन म्हणून कागद पुढे करावा आणि त्यात कादंबरीतला नायक सरदाराला भेटावा, तसाच हा प्रकार. लिंग तिंगखान (१७५७-१८०९) या चिनी पंडिताने तेव्हाच त्याची टर उडवली होती. पुढे १९३० मध्ये थांग हाओ या अभ्यासकाने बोधिधर्माचा कुंग फूशी जोडलेला संबंध कागदपत्रं तपासून खोडून काढला. पण तोवर विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या कादंबऱ्या आणि स्वस्त मार्गदर्शक पुस्तकांनी गोष्ट सगळीकडे नेलेली होती.

मग शाओलिनचे भिक्षू स्वतः कुणाचं नाव घेत होते? किन्नराचं! आपल्या पुराणांत गंधर्वांबरोबर गाणारा-वाजवणारा तोच हा किन्नर. चौदाव्या शतकात लाल फेटेवाल्या बंडखोरांनी मठावर चाल केली, तेव्हा स्वयंपाकघरातला एक गडी चुलीतलं लाकूड घेऊन बाहेर पडला, आकाशाएवढा झाला आणि बंडखोर पळाले, अशी मठाची कथा आहे. १५१७ च्या शिलालेखात ती कोरलेली आहे. शाओलिनची खरी ख्याती हाताच्या लढतीपेक्षा आधी काठीची होती. तिथल्या काठीचा मूळ पुरुष म्हणून हा आचारी पुजला जाई. त्याहून जुन्या, तांग काळातल्या गोष्टीत एका दुबळ्या भिक्षूला बळ देतो तो वज्रपाणी. अजिंठ्याच्या पहिल्या लेणीतल्या चित्रामुळे हे नाव मराठी वाचकाला नवं नाही. म्हणजे मठाने मानलेले देव भारतातूनच गेले होते. भारताचा धागा शोधायचाच तर तो इथे जास्त पक्का सापडतो.

असे जनक फक्त शाओलिनचेच नाहीत. ताईची म्हटलं की चांग सान्फंग या ताओपंथी सिद्धाचं नाव घेतात. पण त्याचा युद्धकलेशी पहिला संबंध १६६९ च्या एका समाधिलेखात जोडला गेला. तो लिहिणारा ह्वांग चोंगशी हा पाडाव झालेल्या मिंग घराण्याचा निष्ठावंत. मांचूंनी १६४४ मध्ये बीजिंग घेतलं होतं. बौद्ध शाओलिनची कला ‘बाहेरची’ आणि देशी ताओपंथीयाची ‘आतली’ व श्रेष्ठ, असं तो लिहितो, तेव्हा रोख नव्या परक्या राजवटीवर असावा, असं काही इतिहासकार मानतात. ताईचीची माहितीतली परंपरा मात्र हेनान प्रांतातल्या चेन घराण्याच्या गावात सापडते. तिथे सिद्धपुरुष नाही, शेतकरी कुटुंबं आहेत.

राहिली शाओलिनची पक्की नोंद. मठ उभा राहिला तो ४९५ च्या सुमारास, सम्राट श्याओवेनने एका भारतीय भिक्षूसाठी बांधला म्हणून. त्या भिक्षूला चिनी लोक बातुओ म्हणतात. बोधिधर्माच्या गोष्टीपुढे त्याचं नाव मागे पडलं. ६२१ मध्ये मठाच्या भिक्षूंनी ली शिमिन या तांग राजपुत्राला लढाईत मदत केली. ७२८ च्या शिलालेखात त्याची नोंद आहे आणि मदत करणाऱ्या १३ जणांची नावंही. त्यांना लढायला कुणी शिकवलं, याबद्दल त्या दगडावर अवाक्षर नाही.