सैनिकांचे विकलांगता निवृत्तिवेतन : नामंजुरीनंतरची दाद

गोंड राजांची जुनी राजधानी असलेला गढा आज जबलपूर शहराचा भाग आहे. ग्रेनेडियर्स, जम्मू-काश्मीर रायफल्स व सिग्नल्स यांच्या प्रशिक्षण केंद्रांमुळे हे शहर लष्करी म्हणून ओळखले जाते. सशस्त्र दल न्यायाधिकरणाचे एक प्रादेशिक खंडपीठही येथेच आहे. सेवाकाळात जडलेल्या आजाराबद्दलचे विकलांगता निवृत्तिवेतन नाकारले गेल्यास मध्य प्रदेश व छत्तीसगडमधील माजी सैनिक या खंडपीठाकडे दाद मागू शकतात.

वादाचे मूळ

लष्कराच्या १९६१ च्या निवृत्तिवेतन विनियमांनुसार या निवृत्तिवेतनासाठी दोन अटी होत्या : विकलांगता किमान २० टक्के असावी आणि ती लष्करी सेवेमुळे उद्भवलेली किंवा बळावलेली असावी. गोळीची जखम उघड दिसते. परंतु अपस्मार, उच्च रक्तदाब किंवा मनोविकार यांचा सेवेशी असलेला संबंध ठरविणे अवघड असते. वैद्यकीय मंडळाने हा संबंध अमान्य केला की दावा सहसा फेटाळला जातो.

सिद्धतेचा भार कोणावर?

सिग्नल्स कोअरमध्ये १९८५ साली भरती झालेले धरमवीर सिंह यांना १९९४ मध्ये अपस्मारामुळे सेवामुक्त करण्यात आले. विकलांगता २० टक्के असूनही निवृत्तिवेतन नाकारले गेले. २ जुलै २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. १९८२ च्या पात्रता नियमांचा आधार घेऊन न्यायालयाने स्पष्ट केले, की भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल तर सैनिक तेव्हा निरोगी होता असे गृहीत धरावे. सिद्धतेचा भार दावेदारावर नाही आणि वाजवी संशयाचा फायदा त्यालाच मिळावा. आजार भरतीच्या वेळी ओळखता येण्याजोगा नव्हता असे मंडळाचे मत असेल, तर त्याची कारणे नोंदविणे आवश्यक आहे.

२१ सप्टेंबर २०२३ पासून सेवेबाहेर पडणाऱ्यांना मात्र २०२३ चे नवे पात्रता नियम लागू आहेत.

अपिलाचे टप्पे

नामंजुरीविरुद्ध प्रथम अपील व त्यानंतर द्वितीय अपील विभागीय समित्यांपुढे करता येते. त्यानंतर २००७ च्या अधिनियमान्वये स्थापन झालेल्या न्यायाधिकरणाकडे अर्ज करता येतो. अंतिम आदेशापासून सहा महिन्यांची मुदत असते. सबळ कारण असल्यास विलंब माफ होऊ शकतो. न्यायाधिकरणाच्या आदेशाविरुद्ध कायद्याने ठरविलेल्या मर्यादेत सर्वोच्च न्यायालयात अपील करता येते. घटनेच्या अनुच्छेद २२६ खालील उच्च न्यायालयाचा अधिकारही अबाधित असल्याचा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२३ मध्ये दिला.

विलंबाची किंमत

१९८३ मध्ये सेवामुक्त झालेले तरसेम सिंह १९९९ मध्ये न्यायालयात गेले. २००८ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने त्यांची थकबाकी याचिकेपूर्वीच्या तीन वर्षांपुरती मर्यादित केली. निवृत्तिवेतनाचा हक्क टिकला, पण अनेक वर्षांची रक्कम गेली. म्हणूनच नामंजुरीचा आदेश, वैद्यकीय मंडळाचा अहवाल आणि भरतीच्या वेळची आरोग्यनोंद मिळवून वेळेत अपील करणे महत्त्वाचे ठरते.