रुईच्या तंतूवर 58 लाख ठिपके

कॉटन असोसिएशन ऑफ इंडियाचं कार्यालय मुंबईत कॉटन ग्रीनच्या कॉटन एक्स्चेंज इमारतीत आहे. तिथून निघणाऱ्या दरपत्रकात 29 मिलीमीटर स्टेपलच्या, म्हणजे तेवढ्या लांबीच्या तंतूंच्या, रुईचा भाव असतो. या रुईची एक गाठ 170 किलोची. त्या गाठीतला एकच तंतू घेऊ. जाडी साधारण 15 मायक्रॉन. त्यावर 5 नॅनोमीटरचे क्वांटम डॉट, म्हणजे प्रकाश शोषून चमकणारे अर्धवाहकाचे अतिसूक्ष्म ठिपके, एकाला एक खेटून मांडले, तर रुंदीत 3,000 बसतील आणि लांबीत 58 लाख!

असा कॅडमियम सेलेनाइडचा एक ठिपका म्हणजे जेमतेम 2,400 अणू. एका ग्रॅममध्ये असे ठिपके किती? 26 लिहा आणि पुढे 17 शून्यं द्या. पदार्थ तोच, पण आकार दोन-अडीच नॅनोमीटर असेल तर प्रकाश निळसर हिरवा आणि सहाच्या आसपास गेला की लाल. एकदा शोषलेला प्रकाश परत फेकायला सुमारे 20 नॅनोसेकंद लागतात, म्हणजे सेकंदाला 5 कोटी वेळा चमकण्याची कुवत.

अशा ठिपक्यांनी पेशी रंगवायच्या, तर अडचण पाण्याची आहे. उत्तम ठिपके 300 अंशांच्या आसपास तापवलेल्या तेलकट द्रवात तयार होतात आणि अंगावर तेलकट रेणू घेऊनच बाहेर येतात. पेशीत मात्र सगळा कारभार पाण्याचा. 1998 मध्ये दोन अमेरिकी गटांनी यावर वाट काढली. ॲलिव्हिसाटोस यांच्या गटाने सिलिकाचं कवच चढवलं, तर चॅन आणि नी यांनी मरकॅप्टोॲसिटिक आम्ल वापरलं. चॅन-नी यांचे ठिपके रोडामाइन रंगापेक्षा 20 पट तेजस्वी आणि 100 पट टिकाऊ होते.

पण आम्लाचं असं पातळ आवरण हळूहळू सुटतं आणि मग ठिपके गोळा होऊन तळाशी बसतात. पॉलिमरचं जाड आवरण टिकतं, पण त्याने 5 नॅनोमीटरचा ठिपका सहज 20 चा होतो. आकारमान थेट 64 पट! इथेच खरा पेच आहे. मूत्रपिंडाची गाळणी साधारण साडेपाच नॅनोमीटरपर्यंतचेच कण बाहेर सोडते, असं 2007 च्या प्राण्यांवरील प्रयोगांत दिसलं. त्याहून मोठे कण शरीरात अडकतात, आणि त्यांच्यासोबत विषारी कॅडमियमही.

म्हणूनच मला तेव्हा पुणे विद्यापीठात असलेल्या डॉ. सुलभा कुलकर्णी आणि सहकाऱ्यांचा 1995 चा शोधनिबंध मोलाचा वाटतो. मँगनीज मिसळलेले झिंक सल्फाइडचे नॅनोकण त्यांनी पाण्यातच घडवले, कॅडमियमशिवाय. काचपट्टीवरच्या पेशी रंगवायला कॅडमियमचे ठिपके खुशाल वापरावेत. माणसाच्या रक्तात सोडायचे असतील, तर मात्र ते बिनकॅडमियमचेच हवेत आणि आवरणासकट साडेपाच नॅनोमीटरच्या आतच बसायला हवेत.