पैसे भरले, वाघ कुठंय?

दिवाळीच्या शटडाउनच्या तारखा नोटीस बोर्डावर लागल्या की आमच्या चाकणच्या कँटीनमध्ये दोनच विषय उरतात: बोनस आणि ताडोबा. बोनसचा आकडा कुणालाच नक्की ठाऊक नसतो. ताडोब्याबद्दल मात्र प्रत्येकाला सगळंच ठाऊक असतं. कुणाच्या मेहुण्याला एका फेरीत पाच वाघ दिसलेले असतात. कुणाला टूरवाल्यानं व्हॉट्सअ‍ॅपवर ‘शंभर टक्के साइटिंग’ असं लिहून दिलेलं असतं. आणि राजगुरुनगरच्या पलीकडून रोज दुचाकीवर येणारा आमचा टूलरूमचा गडी डब्यातून मान वर न काढता म्हणतो, “आमच्या उसात फुकट दिसतो की वाघ! सातशे किलोमीटर कशाला मरायला जाता?”

त्याच्यापासूनच सुरुवात करावी लागेल, कारण पहिला घोटाळा शब्दाचा आहे. खेड, जुन्नर, आंबेगाव, शिरूर या पट्ट्यात बिबट्याला सर्रास ‘वाघ’ म्हणतात. पट्टेवाला असेल तर तो ‘ढाण्या वाघ’. बोली म्हणून यात काहीच चूक नाही. पण शहरात वाढलेला माणूस हे ऐकतो आणि चाकणच्या उसात पट्टेरी वाघ फिरतोय असं समजून बसतो. उसात असतो तो ठिपकेवाला बिबट्या. तो भरला तर 50 ते 70 किलोंचा, तर ताडोब्यातला पूर्ण वाढलेला नर वाघ 200 किलोंच्या आसपास. बिबट्याला कुत्रं, शेळी, डुक्कर, प्रसंगी घूससुद्धा चालते. लपायला उसाचा फड आणि प्यायला पाटाचं पाणी असलं की त्याचं घर झालं. वाघाला सांबर, रानगवा, रानडुक्कर अशी मोठी शिकार लागते आणि ती पोसणारं जंगल लागतं.

मार्च 2024 मध्ये चाकणच्या एका मोठ्या मोटार कारखान्यात बिबट्या शिरला, तेव्हा त्याला भूल देऊन बाहेर काढलं. त्या दिवशी आमच्या ग्रुपवर एकच सूर होता: “जंगलातून वाट चुकून आला बिचारा, परत जंगलात सोडा.” दयाळूपणे केलेला हा सगळ्यात महागडा गैरसमज. या भागातले कितीतरी बिबटे उसातच जन्मतात आणि उसातच वाढतात. तोडणी सुरू झाली की फडात बछडी सापडतात ती काय कुणी आणून ठेवलेली नसतात. अशी बछडी लगेच उचलून नेऊ नयेत. वनखात्याची माणसं आणि मदतीला असलेले प्राणिवैद्य ती तिथंच एखाद्या खोक्यात ठेवतात, आणि बहुतेक वेळा आई रात्री येऊन त्यांना घेऊन जाते.

‘जंगलात सोडा’ हा प्रयोग आपल्याच जिल्ह्यात होऊन गेला आहे. 2001 नंतर जुन्नर वनविभागात बिबटे मोठ्या संख्येनं पकडून लांबच्या जंगलांत सोडले गेले. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचा अभ्यास केला, तेव्हा उलटंच चित्र दिसलं. माणसांवरचे हल्ले वर्षाला सरासरी 4 वरून 17 वर गेले होते. अनोळखी मुलखात टाकलेला, पिंजऱ्यात घाबरलेला प्राणी घराकडे निघतो आणि वाटेत माणसं भेटतात. याचा दुसरा पुरावा म्हणजे ‘आजोबा’. 2009 मध्ये पारनेर तालुक्यातल्या टाकळी ढोकेश्वरला हा बिबट्या विहिरीत पडला. त्याला काढून, गळ्यात जीपीएस पट्टा घालून माळशेज घाटात सोडलं. तो रात्री चालत, महामार्ग आणि लोहमार्ग ओलांडत, सव्वाशे किलोमीटरच्या आसपास अंतर कापून मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या परिसरात पोचला. वाटेत त्यानं एकाही माणसाला हात लावला नाही. 2011 मध्ये गाडीच्या धडकेत तो मेला. 2014 सालच्या मराठी चित्रपटामुळे हे नाव घराघरात पोचलं, पण चाकणच्या ग्रुपवरची मागणी काही बदलली नाही.

आणि हो, जुन्नरजवळ माणिकडोहला बिबट्यांची सफारी आहे, गाडीतून पिंजरे बघता येतात, ही माहिती चुकीची आहे. माणिकडोहला आहे ते बिबट निवारा केंद्र. तिथं जखमी, पकडलेले, परत सोडता न येणारे बिबटे सांभाळतात. ते प्राणिसंग्रहालय नाही. सफारीचा प्रस्ताव आंबेगव्हाणचा, आणि त्याची चर्चा आपण कित्येक वर्षं ऐकतोय. पोरांना वाघ दाखवायचा एवढीच इच्छा असेल तर कात्रजला राजीव गांधी प्राणिसंग्रहालयात तो आहे, शिवाय संध्याकाळी घरी येता येतं. मी हे टोमणा म्हणून लिहीत नाही. पाच वर्षांच्या मुलाला पहाटेच्या थंडीत उघड्या जिप्सीत चार तास बसवण्यापेक्षा कात्रज खरोखर बरं.

आता ‘शंभर टक्के साइटिंग’.

आम्ही कारखान्यातली माणसं. ऑर्डर दिली, आगाऊ रक्कम भरली की माल वेळेत यायला हवा हे आमच्या हाडात भिनलेलं. पण सफारीच्या पावतीवर वाघ नसतो. एका ठरावीक गेटमधून, ठरावीक वेळेत, ठरलेल्या रस्त्यांवरून फिरण्याची परवानगी, एवढंच तुम्ही विकत घेता. माझ्या पहिल्या दौऱ्यात तीन फेऱ्या कोरड्या गेल्या. चौथ्या फेरीला मी गाइडकडे जरा चढ्या आवाजात चौकशी केली, तर तो शांतपणे म्हणाला, “वाघ का आमच्या खिशात राहते का जी?”

हिशेबच मांडू. ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्प गाभा आणि बफर मिळून 1,727 चौरस किलोमीटरचा. त्यात वाघ शंभराच्या आसपास. पिंपरी-चिंचवड महापालिकेची हद्द साधारण 181 चौरस किलोमीटर. म्हणजे दापोडीपासून तळवड्यापर्यंत अख्ख्या शहरात मिळून दहा वाघ, तेही दिवसाचा बराच वेळ बांबूच्या सावलीत झोपलेले, आणि तुम्हाला गाडीतून न उतरता फक्त काही रस्त्यांवरून फिरायची मुभा. जुलै 2012 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं गाभ्यातलं पर्यटन थांबवलं होतं. ऑक्टोबरमध्ये ते पुन्हा सुरू झालं ते राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाच्या नव्या नियमांसह. त्यानुसार गाभ्याच्या जास्तीत जास्त 20 टक्के भागातच पर्यटन करता येतं. उरलेला वाघाचा, तिथं तुमचं तिकीट चालत नाही.

तरीही ताडोब्यात वाघ बऱ्यापैकी दिसतो, हे खरं. पण ‘गाइडला फोन येतो’ किंवा ‘वाघाच्या गळ्यात पट्टा असतो, त्यावरून कळतं’ म्हणून नव्हे. बहुतेक वाघांच्या गळ्यात काहीही नसतं आणि गाभ्यात मोबाइल नेऊच देत नाहीत. एके काळी काही जंगलांत रेडा बांधून पर्यटकांना वाघ दाखवत. ते केव्हाच बंद झालं. आता चालते ती कानांची आणि डोळ्यांची कामगिरी. धुळीतला ठसा ताजा की रात्रीचा, त्यावरून दुसऱ्या गाडीचं चाक गेलंय का, ठसा पाणवठ्याकडे जातोय की तिकडून येतोय, हे गाइड चालत्या गाडीतून वाचतो. मग कॉल. चितळ वाऱ्यानं पान हललं तरी ओरडेल. झाडावरचं वानर वरून बघतं, म्हणून त्याचं जरा ऐकायचं. पण सांबरानं ‘ढांक’ दिला की ड्रायव्हर इंजिन बंद करतो. सांबर उगाच ओरडत नाही. आमच्या लाइनवर जुना ऑपरेटर स्पिंडलच्या आवाजावरून बेअरिंग गेलं हे सांगतो, तसाच हा प्रकार आहे. गाइड जवळपासच्या गावांतलाच असतो आणि प्रत्येक गाडीत सक्तीचा असतो. त्याला ‘फुकटचा माणूस’ समजून गप्प बसवणाऱ्यांची फेरी माझ्या पाहण्यात तरी बहुधा कोरडी जाते.

“ड्रायव्हरच्या हातावर पाचशे ठेवले की अगदी जवळ नेतो.” हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की एकदा नीट उत्तर देतो. प्राधिकरणाच्या नियमांनुसार प्राण्यापासून किमान 20 मीटर दूर राहायचं, दोन गाड्यांमध्ये 50 मीटर अंतर ठेवायचं, आणि एका वाघापाशी एका गाडीनं 15 मिनिटांहून जास्त थांबायचं नाही. प्रत्यक्षात काय होतं ते 31 डिसेंबर 2024 ला उमरेड-कऱ्हांडला अभयारण्यात दिसलं. एक वाघीण आणि तिचे बछडे रस्त्यावर, आणि दोन्ही बाजूंनी जिप्सींनी वाट अडवलेली. चित्रफीत पसरली, गाइड-चालकांवर कारवाई झाली, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं स्वतःहून दखल घेतली. शिक्षा झाली ती गावातल्या पोरांना. मागच्या सीटवरून “अजून पुढे घे ना” म्हणणारे आपापल्या शहरांत परतले. पाचशेच्या नोटेनं नेमकं एखाद्याचं रोजगाराचं कार्ड जातं.

उघड्या जिप्सीवर वाघ उडी मारेल, ही भीती घरातल्या बायकांपेक्षा पुरुषांनाच जास्त असते असं माझं निरीक्षण आहे. रोज जाणारी गाडी आणि त्यातली माणसं मिळून वाघाला एकच निरुपद्रवी आकार वाटतो. तो आकार तुटला, कुणी उभं राहून हात हलवले, खाली उतरलं, तर गोष्ट बदलते. ताडोब्यात नोव्हेंबर 2021 मध्ये एक महिला वनरक्षक वाघिणीच्या हल्ल्यात मरण पावल्या. त्या सर्वेक्षणासाठी पायी चालत होत्या. मे 2025 मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाही तालुक्यात तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या तीन महिला एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात गेल्या. त्याही पायीच. वाघाचा धोका कुणाला, याचं उत्तर गाडीतल्या सहा पर्यटकांत सापडत नाही. ते गेटबाहेरच्या गावात, मोहफुलं आणि तेंदूपत्ता वेचणाऱ्यांत सापडतं. वाघ फक्त गाभ्यातच असतो या समजुतीलाही इथंच उत्तर मिळतं. आगरझरी, देवाडा, अलीझंझासारख्या बफरच्या गेटांतून गेलेल्यांनाही वाघ चांगला दिसतो आणि ब्रह्मपुरीसारख्या प्रादेशिक वनविभागातही वाघांचा मोठा वावर आहे. ताडोबा हे नाव ज्या तारूवरून आलं असं गोंड लोक सांगतात, तो त्यांचा प्रमुख वाघाशी लढताना मेला. त्याचं ठाणं तळ्याकाठी आहे. तिथला माणूस वाघाला भितोही आणि पूजतोही, आपल्या मावळात-जुन्नरात वाघोबाला शेंदूर लागतो तसंच.

कपड्यांचं थोडक्यात. लष्करी ठिपक्यांचे नवे कोरे कपडे घेऊ नका, लागत नाहीत. हरणांना केशरी रंग हिरवट दिसतो, म्हणून तर भगभगीत केशरी वाघ गवतात त्यांना दिसत नाही. फिके, मातकट कपडे पुरतात. अत्तर मात्र घरी ठेवा. ती विनंती जंगलापेक्षा शेजारच्या सीटवरच्या माझ्यासारख्यांसाठी आहे.

‘वाघ जवळ हवा’ म्हणणाऱ्यांसाठी सह्याद्री व्याघ्र प्रकल्प आहे, चांदोली आणि कोयना मिळून, 2010 चा. पण तिथं वाघ दिसेल म्हणून जाऊ नये. कित्येक वर्षं तिथं वाघाची खूण म्हणजे कॅमेऱ्यातला एखादा फोटो एवढंच होतं. नोव्हेंबर 2025 मध्ये ताडोब्यातली एक वाघीण चांदोलीत आणून सोडली, म्हणजे कामाला कुठं सुरुवात झाली आहे. तिकडे गवा बघा, शेकरू बघा, सडे बघा.

जायचं ठरलंच तर तारखा बघून घ्या. आमची औद्योगिक सुट्टी गुरुवारची, ताडोब्याच्या गाभ्याची मंगळवारची. 1 जुलै ते 30 सप्टेंबर गाभा बंद असतो, बफरची काही गेटं तेव्हाही सुरू असतात. दिवाळीत गवत उंच असतं, वाघ दहा फुटांवर बसला तरी दिसत नाही. एप्रिल-मेमध्ये पाणवठे आटतात आणि वाघ दिसतो, पण चंद्रपूरचं ऊन तुम्हालाही दिसतं. आरक्षण वनखात्याच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच करा, आणि ज्या ओळखपत्रावर नाव नोंदवलं तेच मूळ ओळखपत्र सोबत ठेवा. झेरॉक्सवर गेट उघडत नाही.

टूलरूमचा गडी परवा माझ्यासोबत यायला तयार झाला. ढाण्या वाघ त्यानं कधी पाहिलेला नाही. निघण्याआधी त्याच्या आणि माझ्या दोघांच्याही मोबाइलमध्ये मी वनविभागाचा 1926 हा टोल-फ्री क्रमांक घालून ठेवला. तुम्हीही घाला. ताडोब्याच्या गाभ्यात मोबाइल गेटवर जमा होतो. तो लागतो सेकंड शिफ्ट सुटल्यावर, उसाच्या कडेनं घरी जाताना.